दोन मॉनिटरचा घरगुती संगणक : सोलापूरच्या वाचकांची तीन पत्रे

या महिन्याच्या टपालात सोलापुरातून आलेली तीन पत्रे एकाच विषयावरची आहेत. तिघांच्याही गरजा वेगळ्या असल्या, तरी घरी दोन मॉनिटर लावून काम करायचे आणि ते परवडणाऱ्या खर्चात बसवायचे, हा हेतू सारखाच आहे. पहिल्या पत्राचे उत्तर सविस्तर दिले आहे. पुढच्या दोघांनी तेही वाचावे.

प्रश्न १ : स. न. वि. वि. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते आणि टॉवेल-चादरींच्या सात लहान कारखान्यांचे हिशेब घरी बसून लिहिते. माझ्याकडे सहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आहे. त्याच्या एकाच लहान स्क्रीनवर टॅलीतील खरेदीच्या नोंदी आणि जीएसटी पोर्टलवरून उतरवून घेतलेले विवरण आलटून-पालटून पाहावे लागते, आणि गेल्या दोन महिन्यांत या अदलाबदलीत माझ्याकडून दोन बिलांचे आकडे चुकले. म्हणून दोन मॉनिटरचा संगणक घ्यायचे ठरवले आहे. सगळे मिळून ४५,००० रुपये खर्च करू शकते. एका दुकानदारांनी ६२,००० रुपयांचे कोटेशन दिले आहे. दोन मॉनिटर चालवायचे म्हणजे वेगळे ग्राफिक्स कार्ड लागणारच, असे ते म्हणतात. दुसऱ्या ठिकाणी चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह संगणक दोन जुन्या मॉनिटरांसह १७,५०० रुपयांत मिळतो आहे. मुलगी पुढच्या वर्षी अभियांत्रिकीला जाईल, तिलाही तो वापरता यावा अशी इच्छा आहे. काय घ्यावे?
— एक वाचक भगिनी, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : या दोन्ही कोटेशनांपैकी एकही स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्यात तुमचा पैसा नको त्या भागावर खर्च होतो आणि दुसऱ्यात तो लवकरच वाया जाईल. तुमच्या कामासाठी कॅबिनेट वापरलेले चालेल, मॉनिटर मात्र दोन्ही नवे हवेत. बजेटची वाटणी याच क्रमाने करावी.

तुमची गरज खरी आहे, हे आधी सांगतो. जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचे विवरण, दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते आणि मासिक विवरण देणाऱ्यांना कराचे ३बी हे विवरण २० तारखेपर्यंत भरावे लागते; म्हणजे सात कारखान्यांच्या खरेदीचा ताळा जुळवायला तुमच्या हाती जेमतेम सहा दिवस राहतात. सूतवाल्याचे बिल, रंगाईचे बिल, वाहतुकीचे बिल अशी एकेक ओळ इकडे पाहायची आणि तिकडे पडताळायची, या कामात स्क्रीनवरची खिडकी बदलताना आकडा डोळ्यांआड होतो, तो क्षणभर मनात धरून ठेवावा लागतो आणि चूक नेमकी तिथेच होते. टॅली एका मॉनिटरवर आणि विवरण दुसऱ्यावर कायम उघडे असले, की आकडा मनात धरण्याची वेळच येत नाही. ही सोय चैनीची नाही. तुमच्या व्यवसायाचे ते साधन आहे.

आता ग्राफिक्स कार्डाविषयी. टॅली, एक्सेल, ब्राउझर आणि पीडीएफ यांसाठी दोन मॉनिटर चालवायला वेगळे कार्ड लागत नाही. इंटेलच्या २०१२ साली आलेल्या तिसऱ्या पिढीपासून नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स एका वेळी तीन मॉनिटरपर्यंत चालवू शकते. संगणकाच्या पाठीमागे मॉनिटर जोडण्याची दोन तोंडे मात्र असावी लागतात. ६२,००० रुपयांच्या कोटेशनमध्ये प्रोसेसरच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर आहे का, ते पाहा. इंटेलच्या ‘एफ’ प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते, म्हणून ते थोडे स्वस्त मिळतात आणि मग त्यांच्यासोबत कार्ड घ्यावेच लागते. तसे असेल तर दुकानदार खोटे बोललेले नाहीत. पण ‘एफ’ नसलेला प्रोसेसर घेतला की ती गरजच उरत नाही.

दुसऱ्या प्रस्तावातील चौथ्या पिढीचा प्रोसेसर २०१३-१४ च्या सुमाराचा आहे. टॅली त्यावर आजही चालेल. अडचण विंडोजची आहे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते. जुन्या संगणकावर आडवाटेने विंडोज ११ बसवून देणारी दुकाने आहेत, परंतु अशा यंत्राला पुढील अद्यतने मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. सात कारखान्यांचे पोर्टलचे पासवर्ड आणि कदाचित त्यांच्या डिजिटल सहीचे टोकनही तुमच्या हाती असताना असुरक्षित यंत्रावर काम करणे मला योग्य वाटत नाही. पिढी ओळखणे सोपे आहे : आय-फाइव्ह ४५७० मधील पहिला आकडा ४ म्हणजे चौथी पिढी, ८५०० म्हणजे आठवी, आणि १०४०० असा पाच आकडी क्रमांक असेल तर पहिले दोन आकडे, म्हणजे दहावी. दुकानदाराने नुसते ‘आय-फाइव्ह आहे’ असे सांगितले, तर त्यातून काहीही कळत नाही. पूर्ण क्रमांक विचारावा.

लिनक्स वापरून जुने यंत्र चालवावे, असा सल्ला तुम्हाला कोणी देईल. विद्यार्थ्याला मी तो आनंदाने देईन, पण टॅलीप्राइम विंडोजवरच चालते आणि सहीच्या टोकनाची व्यवस्थाही विंडोजवर सर्वांत कमी त्रासाची असते. म्हणून तुमच्यासाठी तो मार्ग नाही.

मग घ्यावे काय? कार्यालयांतून निघालेले आणि तपासून पुन्हा विकलेले, म्हणजे रिफर्बिश्ड, डेस्कटॉप पाहा. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे प्रोडेस्क आणि लेनोव्होचे थिंकसेंटर या मालिका अशा बाजारात नेहमी दिसतात. आठव्या ते दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम आणि २५६ किंवा ५१२ जीबीची एसएसडी असा संच साधारण १८,००० ते २२,००० रुपयांच्या दरम्यान मिळावा. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस जगभर चढले, त्यामुळे वर्षभरापूर्वी कोणाला काय भावात मिळाला हे ऐकून आजच्या भावाविषयी निराश होऊ नका. १६ जीबी हातात बसत नसेल तर ८ जीबीची एकच पट्टी आणि एक रिकामी खाच असलेले यंत्र घ्या आणि नंतर भर घाला. एसएसडीऐवजी जुनी हार्ड डिस्क मात्र कोणत्याही भावात घेऊ नका. या नाममुद्रेच्या यंत्रांचा आणखी एक लाभ आहे. विंडोजचा परवाना बहुधा त्यांच्या मदरबोर्डमध्येच नोंदलेला असतो, त्यामुळे अस्सल विंडोज वेगळे विकत घ्यावे लागत नाही. नवा असेंबल केलेला संगणक घेताना कोटेशनमध्ये हा खर्च बहुतेकदा दाखवलेलाच नसतो, आणि तो टाळण्यासाठी बसवलेले बनावट विंडोज हिशेबनिसाच्या यंत्रात असू नये.

वापरलेल्या यंत्रात तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. पहिली म्हणजे प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट, जी जुनी झाली की वाळते आणि सोलापूरच्या चैत्र-वैशाखात यंत्र तापून मंद पडते. ती दुकानातच नवीन लावून मागा. दुसरी, मदरबोर्डवरील नाण्यासारखी बॅटरी. ती संपली की दर वेळी तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळे उघडू देत नाही. १९ तारखेच्या रात्री जीएसटी पोर्टल का उघडत नाही हे शोधत बसण्यापेक्षा ही स्वस्तातली बॅटरी आधीच बदललेली बरी. तिसरी बाब कॅबिनेटच्या आकाराची. अगदी लहान कॅबिनेटांतील एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) त्या त्या कंपनीच्या खास मापाचा असतो आणि तो जळाला तर साधा एसएमपीएस त्यात बसत नाही. दुकानदाराकडे बदली एसएमपीएस मिळतो का, हे आधीच विचारावे.

जोडणीच्या तोंडांकडे बहुतेक लोकांचे लक्ष सर्वांत शेवटी जाते. मॉनिटर निवडण्याआधी कॅबिनेट उलटे फिरवून पाठ पाहा. तिथे निळे, १५ टाचण्यांचे तोंड असेल ते व्हीजीए; ही पद्धत १९८७ सालची असून त्यातून जाणारा संकेत अॅनालॉग असतो, त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडा थोड्या पुसट दिसतात. एचडीएमआय तुमच्या दूरचित्रवाणी संचालाही असते. एक कोपरा कापल्यासारखे दिसणारे तोंड डिस्प्लेपोर्टचे. कार्यालयीन यंत्रांच्या पाठीमागे डिस्प्लेपोर्ट हमखास आढळतो, कित्येकदा दोन असतात. उलट स्वस्त मॉनिटरांना एचडीएमआय आणि व्हीजीए एवढेच असते. म्हणून तुम्हाला बहुधा डिस्प्लेपोर्टपासून एचडीएमआयकडे जाणाऱ्या एक-दोन केबल लागतील. या केबल एकाच दिशेने चालतात. संगणकाकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय असेल तर साधी, चारशे-सहाशे रुपयांची केबल पुरते. संगणकाकडे एचडीएमआय आणि मॉनिटरकडे डिस्प्लेपोर्ट असेल तर तीच केबल काहीही दाखवत नाही. मी स्वतः एकदा उलट दिशेची केबल घेऊन आलो होतो. विक्रेत्याने ‘दोन्हीकडून चालते’ असे सांगितले होते, आणि मॉनिटरच बिघडला आहे या समजुतीत माझे दोन दिवस गेले. आणखी एक फसवी वस्तू म्हणजे एकाचे दोन करणारा एचडीएमआय स्प्लिटर. तो दोन्ही मॉनिटरांवर एकच चित्र दाखवतो. तुम्हाला दोन वेगळ्या खिडक्या हव्या आहेत, तेव्हा तो तुमच्या कामाचा नाही.

मॉनिटर दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि शक्यतो एकाच दिवशी घेतलेले असावेत. उंची, कडा, उजेड आणि अक्षरांचा आकार सारखा असला की नजर एका स्क्रीनवरून दुसरीवर अडखळल्याशिवाय जाते. पॅनेल आयपीएस जातीचे घ्या, कारण दुसरा मॉनिटर तुम्ही नेहमी थोडा तिरका पाहणार आहात आणि स्वस्त टीएन पॅनेलवर तिरके पाहिले की रंग बदलतात. आकाराबाबत माझी पसंती २४ इंचांना आहे. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा (पिक्सेलांचा) २४ इंची मॉनिटर आणि तेवढ्याच ठिपक्यांचा २१.५ इंची मॉनिटर यांवर मजकूर सारखाच मावतो, परंतु मोठ्यावर प्रत्येक ठिपका सुमारे ०.२७ मिलिमीटरचा आणि लहानावर ०.२५ मिलिमीटरचा असतो. फरक किरकोळ वाटतो, पण दिवसाचे सहा-सात तास आकडे वाचणाऱ्याला आणि विशेषतः चाळिशीचा चष्मा असणाऱ्याला तो संध्याकाळी जाणवतो. मात्र २७ इंचांचा मॉनिटर एवढ्याच ठिपक्यांत घेऊ नका. त्यावर अक्षरे मोठी दिसतात पण खरबरीत होतात. २४ इंची आयपीएस मॉनिटर साधारण ७,५०० ते ९,५०० रुपयांत मिळतात. गेमिंगसाठी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वेगाच्या आकड्यांसाठी जास्त पैसे देण्याचे तुम्हाला कारण नाही. १७,५०० रुपयांच्या प्रस्तावातील जुने मॉनिटर मी याच कारणासाठी नाकारतो. मंदावलेल्या प्रकाशाच्या स्क्रीनची किंमत डोळे चुकती करतात. शिवाय मॉनिटर आठ-दहा वर्षे टिकतो आणि पुढे कॅबिनेट बदलले तरी तोच कामी येतो.

विजेच्या चढउतारापासून संरक्षणाचा खर्च या बजेटमधून कधीही वगळू नये. यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्यांना मी हे आग्रहाने सांगतो, कारण मागाच्या मोटारी सुरू होताना त्याच वाहिनीवरील व्होल्टेज क्षणभर खाली जाते आणि टॅलीची नोंद अर्धवट राहू शकते. असे कॅबिनेट आणि दोन २४ इंची मॉनिटर मिळून नेहमीच्या कामात साधारण १०० ते १२० वॅट घेतात, म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस पुरेसा आहे. तो तुम्हाला काम जतन करून यंत्र बंद करण्याएवढा अवधी देतो. दोन्ही मॉनिटर आणि इंटरनेटचा राउटर यूपीएसवरच जोडा, परंतु लेझर प्रिंटर त्यावर कधीही लावू नका, कारण कागद तापवताना तो एकदम मोठा भार ओढतो. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीमागचे बटण ‘यूपीएस’ या स्थितीत आहे का, ते पाहा. साध्या स्थितीत वीज बदलताना लागणाऱ्या वेळात संगणक बंद पडू शकतो.

अर्थिंग तपासण्यासाठी इलेक्ट्रिशियनला एकदा बोलवा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे होत असेल, तर त्या घरात अर्थिंग नाही किंवा तुटलेले आहे असे समजावे. अशा स्थितीत वेगवेगळ्या बोर्डांवरून वीज घेतलेली दोन उपकरणे एचडीएमआय केबलने जोडताना त्यांची तोंडे जळू शकतात. म्हणून तिन्ही वस्तूंना एकाच जागेवरून वीज द्यावी आणि केबल लावताना-काढताना सर्व बटणे बंद ठेवावीत. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन मोडून तो दोन पिनांच्या सॉकेटात बसवू नये.

तुमच्या भागात हवेत सुताचे बारीक तंतू असतात आणि ते पंख्याच्या पात्यांवर नमद्यासारखे साचतात. दर दोन महिन्यांनी कॅबिनेट उघडून ब्लोअरने साफ करावे, आणि हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ‘कॉम्प्युटर टेबल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या फर्निचरमध्ये कॅबिनेटसाठी दाराचा बंद कप्पा असतो. बेचाळीस अंशांच्या दुपारी त्यात यंत्र ठेवणे म्हणजे त्याला कोंडून घालणे होय. साधे चार फूट रुंद आणि दोन फूट खोल टेबल घ्या. दोन २४ इंची मॉनिटर शेजारी ठेवले तर ते मिळून साडेतीन फुटांहून थोडे जास्त होतात, त्यामुळे तीन फुटी टेबलावर ते मावणार नाहीत. टॅलीचा मॉनिटर नाकासमोर ठेवून दुसरा थोडा तिरका लावा. खोलीची खिडकी समोर किंवा पाठीशी न येता बाजूला येईल अशी मांडणी करा.

हिशेब असा होतो : कॅबिनेट २०,०००, दोन मॉनिटर १७,०००, यूपीएस सुमारे ३,२००, कळफलक आणि माऊस १,०००, केबल १,२००. हे ४२,४०० रुपये झाले. उरलेल्या रकमेत टॅलीच्या प्रतीसाठी चांगल्या कंपनीचे दोन पेनड्राइव्ह घ्या आणि त्यांतला एक घराबाहेर, माहेरी किंवा बहिणीकडे, ठेवत जा.

पैसे देण्याआधी दोन्ही मॉनिटर त्याच संगणकाला दुकानात जोडून अर्धा तास चालवून पाहा. विंडोजचे बटण आणि पी एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडले की दोन्हींवर वेगळे काम करता येते. स्क्रीन पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी करून मेलेले, म्हणजे रंग न बदलणारे, ठिपके तपासा. पक्क्या बिलावर प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक आणि वॉरंटीचा काळ लिहून घ्या. पुण्याला जाऊन घेतल्यास दोन-तीन हजार वाचतीलही, परंतु यंत्र बिघडल्यावर ते घेऊन अडीचशे किलोमीटर कोण जाणार? वापरलेले यंत्र सोलापुरातच घ्यावे. मुलीच्या पहिल्या दोन वर्षांच्या प्रोग्रामिंगला हे यंत्र व्यवस्थित पुरेल. तिने संगणकीय रेखाटनाची किंवा तत्सम शाखा घेतली तर गरज वेगळी असेल, तेव्हा तिच्यासाठी आज आगाऊ खर्च करू नका.

प्रश्न २ : मी घरी बसून कारखान्यांना टॉवेल आणि चादरीची जकार्ड डिझाइन्स करून देतो. सध्या एक २२ इंची मॉनिटर आहे. दुसरा घ्यायचा विचार आहे. तो तसाच घ्यावा की मोठा? जुन्या आणि नव्या मॉनिटरवर रंग वेगळे दिसतात असे ऐकले आहे, त्याचे काय करावे? संगणक नवव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅमचा आहे.
— एक डिझायनर, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : तुमचा प्रश्न माझ्या विशेष आवडीचा आहे. जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ साली फ्रान्समध्ये भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग सिद्ध केला आणि चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यासाठी त्याच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली. संगणकाचे मागाशी असलेले नाते इतके जुने आहे.

दुसरा मॉनिटर किती मोठा घ्यावा, हे तुमच्या ग्राहकांच्या मागाला किती हुक (ताण्याचे, म्हणजे उभे, धागे उचलणारे) आहेत त्यावर ठरवा. डिझाइनच्या आलेखात चौकोनांची एक उभी ओळ म्हणजे ताण्याचा एक धागा. तुमचा आजचा मॉनिटर फुल एचडी असावा, असे धरतो. १३४४ हुकांचे डिझाइन त्याच्या १९२० ठिपक्यांच्या रुंदीत एकास एक मावते. २६८८ हुकांचे मावत नाही. २५६० ठिपक्यांच्या मॉनिटरवरही ते थोडक्यात हुकते आणि ३८४० ठिपक्यांच्या फोर-के मॉनिटरवर मात्र संपूर्ण रुंदी एका नजरेत येते. मोठ्या जकार्डाची कामे तुमच्याकडे नियमित येत असतील तर २७ इंची फोर-के मॉनिटर घ्या, पूर्ण नक्षी त्यावर ठेवा आणि जुन्या मॉनिटरवर एखादा कोपरा मोठा करून धागान्‌धागा दुरुस्त करा. कामे लहान हुकांचीच असतील तर हा खर्च करू नका. २४ इंची आयपीएस पुरे.

फोर-के जोडताना तुमच्या संगणकाचा डिस्प्लेपोर्टच वापरा. नवव्या पिढीच्या मदरबोर्डांवरील एचडीएमआय बहुधा १.४ आवृत्तीचे असते आणि ते फोर-केला सेकंदाला ३० चित्रेच देते, त्यामुळे माऊसचा बाण मागे पडल्यासारखा वाटतो आणि बारीक ठिपके भरताना हात चुकतो. डिस्प्लेपोर्टवर ६० मिळतात. या कामालाही ग्राफिक्स कार्ड लागणार नाही.

रंगांबाबत माझे म्हणणे वेगळे आहे. आलेखातील रंग ही बहुतेकदा विणीची किंवा बाण्याच्या (आडव्या) धाग्याची खूण असते. तिथे लाल थोडा गडद दिसला तरी माग तेच विणतो. रंग नेमका दिसण्याची गरज ग्राहकाला नमुना दाखवताना लागते, आणि त्यासाठी दोन्ही मॉनिटर जुळवत बसण्यापेक्षा एकाच मॉनिटरला प्रमाण मानावे. नव्या मॉनिटरची ‘एसआरजीबी’ ही पद्धत निवडा, आपोआप उजेड बदलणाऱ्या सोयी आणि विंडोजचा रात्रीचा पिवळसर प्रकाश बंद करा, आणि नमुना नेहमी त्याच मॉनिटरवर दाखवा. तरीही स्क्रीनचा रंग उजेडातून येतो आणि सुताचा रंग उजेड परतवून, म्हणून अंतिम मान्यता रंगाईवाल्याच्या शेड कार्डावर दिवसाच्या प्रकाशातच घ्यावी. ऑर्डरच्या कागदावर शेडचा क्रमांक लिहून ग्राहकाची सही घेतलेली असली, की पुढे वाद उरत नाही.

प्रश्न ३ : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे लॅपटॉप आहे. त्याला एक एचडीएमआय आणि एक टाइप-सी तोंड आहे. घरी दोन मॉनिटर लावून अभ्यास करायचा आहे. वडिलांनी १०,००० रुपये देण्याचे कबूल केले आहे. एवढ्यात जमेल का? घरात जुना चौकोनी १७ इंची मॉनिटरही पडून आहे, त्याला फक्त निळे तोंड आहे.
— एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : जमेल, आणि कदाचित पैसे उरतीलही. लॅपटॉपची स्क्रीन हा तुझा एक मॉनिटर आहेच. एचडीएमआयवर एक २४ इंची मॉनिटर जोडला की दोन झाले. आधी एवढेच करून महिनाभर अभ्यास करून पाहा. लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवून त्याची स्क्रीन मॉनिटरच्या उंचीला आण आणि स्वस्तातला वेगळा कळफलक वापर, म्हणजे मान वाकवावी लागणार नाही.

तिसरी स्क्रीन हवीच असेल तर जुना मॉनिटर टाकून देऊ नकोस. चौकोनी १७ इंची मॉनिटर १२८० गुणिले १०२४ ठिपक्यांचा असतो आणि त्याची उंची जास्त असल्याने पीडीएफ नोट्स वाचायला तो चांगला आहे. त्यासाठी लॅपटॉपच्या टाइप-सी तोंडातून चित्र बाहेर पडते का, हे पाहावे लागेल. सर्वच टाइप-सी तोंडांतून ते पडत नाही. तोंडाशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची खूण आहे का ते पाहा, किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ हे शब्द शोध. ते असतील तर टाइप-सीपासून व्हीजीएकडे जाणारा कन्व्हर्टर घे. नसतील तर टाइप-सीचा कोणताही साधा कन्व्हर्टर चालणार नाही. तेव्हा नवा मॉनिटर बाजूला ठेवून जुनाच एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टरने जोडून पाहता येईल, आणि दुकानात जाताना लॅपटॉप सोबत ने, म्हणजे चित्र येते की नाही हे तिथेच कळेल.